व्हिजन, मिशन आणि गोकुळ

सिल्वासाला किलवणी नाक्याजवळ चेतनभाईंचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सहा वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका रणरणत्या दुपारी, मृणाल परब तिथे वडिलांचे, अण्णांचे, पेन्शनचे कागद घेऊन उभी होती. तिच्या पुढे एक उंच, उन्हानं रापलेला तरुण. निळ्या शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा डाग, आणि हातात नुकतंच छापलेलं गरम पान. ते तो मोठ्यानं वाचत होता.

“‘सागरकिनाऱ्याच्या सान्निध्यात जागतिक पाहुण्यांना अविस्मरणीय आदरातिथ्य देणारे मनुष्यबळ घडवणे…’ चेतनभाई, हाई काय शे?”

“व्हिजन छे, बॉस! नेटवरून काढला. एकदम टॉपचा.”

“पण आपल्या सायली गावात समुद्र कुठे आहे?”

“तो तेवढी लाईन काढून टाक ने!”

मृणालला हसू आवरेना. ओढणी तोंडावर धरली तरी आवाज फुटलाच. तो वळला. रागावेल असं तिला वाटलं, पण त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, चक्क सुटकेचा भाव होता… जणू या गावात कुणीतरी एक शहाणं माणूस भेटलं.

“हसा, हसा. तुम्हाला येतं का असलं लिहिता?”

“येतं की.”

“मग द्या ना लिहून.”

“फुकट?”

“चहा पाजतो.” मग जरा विचार करून, “…आणि सोबत नानखटाई.”

त्याचं नाव गोकुळ बोरसे. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याकडचा. एकोणिसाव्या वर्षी सुताच्या कारखान्यात हेल्पर म्हणून आला आणि दहा वर्षांत उत्तम मशीन मेकॅनिक झाला होता. आता तो सायलीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नव्या कामगारांना शिकवायचा. ते केंद्र काढलं होतं मधुकरकाकांनी. काका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. केंद्राचं नाव त्यांनी हौसेनं ठेवलं होतं ‘हातखंडा’. भंगारातून आणून दुरुस्त केलेली, सूत गुंडाळायची दोन वाइंडिंग मशीनं, एक फळा आणि बारा स्टुलं, एवढाच काय तो संसार. आता कारखानदारांच्या एका मंडळानं नवी मशीनं देऊ केली होती. मात्र आधी संस्थेचं व्हिजन, मिशन आणि ऑब्जेक्टिव्ह लिहून आणा, असं सांगितलं होतं. मुदत एप्रिलअखेरची.

मृणालनं हो म्हटलं, ते नानखटाईसाठी नव्हे. अण्णा, म्हणजे नारायण परब, सिल्वासाच्या मराठी शाळेत तेहतीस वर्षं शिकवून मेअखेर निवृत्त होणार होते. टोकरखाड्याचं सरकारी क्वार्टर सोडून सगळ्यांनी कुडाळला जायचं ठरलं होतं. मृणालचा जन्म इथला, शाळा इथली. कॉलेजपुरती मुंबईला गेली, आणि दोन वर्षांपासून इथेच इंग्रजीच्या शिकवण्या घेत होती. कुडाळ तिच्यासाठी मे महिन्याच्या सुट्टीचं गाव होतं. उरलेल्या अडीच महिन्यांत तिला हे गाव डोळ्यांत साठवून घ्यायचं होतं, आणि सायलीच्या त्या शेडकडे तर ती कधी गेलीच नव्हती.

चार दिवसांत तिनं झोकात दोन पानं लिहिली. ‘उत्कृष्टतेचा ध्यास’, ‘सर्वांगीण विकास’, ‘उज्ज्वल भविष्याकडे वाटचाल’. सायलीच्या शेडमध्ये जाऊन तिनं ती वाचून दाखवली. मधुकरकाका ऐकून खूश झाले. “वा, पोरी! भाषण ऐकल्यासारखं वाटलं!”

गोकुळ मात्र गप्प. नंतर बाहेरच्या टपरीवर चहा आला, नानखटाई आली, तरी गप्प.

“आवडलं नाही का?” तिनं शेवटी विचारलं.

“छान आहे.”

“पण?”

“पण…” तो कपात बघत म्हणाला, “चेतनभाईच्या कागदात समुद्र होता, तुमच्या कागदात तो नाही. तेवढाच फरक. आमच्यातलं कोणीच नाही त्याच्यात.”

मृणालच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “मग तुम्हीच लिहा!” पर्स उचलली आणि ती तरातरा रिक्षाकडे निघाली. रिक्षात बसल्यावर तिला कळलं की आपल्याला राग आलाय तो त्याचा नाही. तो खरं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर ती शेडमध्ये परत गेली. गोकुळ फळ्यापाशी होता. तिला बघून त्याच्या हातातला खडू तसाच राहिला.

“लिहायला नाही आले,” ती म्हणाली, “बसायला आलेय. मागे. चालेल?”

“स्टूल डुगडुगतं आहे.”

“चालेल.”

त्या दिवशी नव्या तुकडीचा पहिला तास होता. खानवेलकडून रोज बसनं येणारी रोशनी नावाची वारली मुलगी, नंदुरबारची दोन भावंडं, बिहारचा एक गडी, आणि अशीच आणखी सातआठ जणं. मशीन चालू कसं करायचं हे गोकुळनं शिकवलंच नाही. आधी तासभर त्यानं ते थांबवायला शिकवलं. लाल बटण कुठे, डाव्या हातानं कसं दाबायचं, डोळे मिटून कसं शोधायचं. प्रत्येकाला डोळे मिटून उभं केलं, तीन-तीनदा. मराठीत सांगे, मग तेच हिंदीत, मग रोशनीसाठी तिच्या बोलीतले दोन-चार शब्द अडखळत जोडी, आणि रोशनी हसून ते दुरुस्त करी.

तास संपल्यावर मृणालनं विचारलं, “आधी थांबवायला का?”

त्यानं ग्रीसचं फडकं हातात दुमडलं. उलगडलं. परत दुमडलं.

“माझ्याबरोबर ललित आला होता गावाहून. एकाच एसटीनं आलो, एकाच खोलीत राहिलो. कारखान्यात दुसऱ्याच दिवशी त्याची बाही अडकली. मी समोर उभा होतो. बटण कुठे हे ना त्याला माहीत, ना मला… कोणी दाखवलंच नव्हतं. दोन बोटं गेली.” थोडं थांबून तो म्हणाला, “आता शिंदखेड्याला किराणा दुकान टाकलंय त्यानं. बरं चाललंय. पण तो दिवस जात नाही माझ्या डोळ्यांसमोरून.”

मृणालनं पर्समधून तिची ती झोकदार दोन पानं काढली आणि चार तुकडे करून टाकले.

“अहो!” तो दचकला. “काकांना आवडलं होतं!”

“काकांना समजावू. बसा. पहिल्यापासून सुरू करू. आणि अहो-जाहो पुरे झालं. मी तुझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे.”

“तुम्हाला… तुला कसं माहीत?”

“मधुकरकाकांना विचारलं,” ती म्हणाली, आणि मग आपण काय कबूल केलं ते लक्षात येऊन वही शोधू लागली.

त्यानंतरचा महिना मृणालला अजून दिवसवार आठवतो. रोज साडेचारला ती शेअर रिक्षानं सायलीला उतरायची. रस्त्याच्या कडेला ताडगोळे विकणाऱ्या बायका असायच्या. गोकुळ सोलून ठेवलेले ताडगोळे पळसाच्या पानावर घेऊन येई, आणि ते दोघं शेडच्या सावलीत बसून शब्दांवर भांडत.

“व्हिजन म्हणजे आपल्याला दूर काय दिसतं ते,” ती सांगे. “मिशन म्हणजे तिथे जायला आपण रोज काय करतो. आणि ऑब्जेक्टिव्ह म्हणजे किती, आणि कधीपर्यंत. मोजता आलं पाहिजे.”

“सगळंच मोजता येतं?”

“ऑब्जेक्टिव्ह असेल तर आलंच पाहिजे.”

“मग समज,” तो ताडगोळ्याचं पाणी गळू नये म्हणून मान वाकडी करून म्हणे, “एखाद्या माणसाला वाटलं, की अमुक एक जण रोज साडेचारला यावं. हे काय झालं? व्हिजन की मिशन?”

“ते…” मृणाल पानावरचं बोट थांबवी. “ते आधी त्या माणसानं नीट लिहून आणावं. मग सांगते.”

“त्याचं अक्षर वाईट आहे.”

“मला वाचता येतं वाईट अक्षर. मास्तरांची मुलगी आहे मी.”

एकदा त्यानं तिला तुटलेल्या धाग्याची गाठ मारायला शिकवली. कारखान्यात ती गाठ तीन सेकंदांत बसली पाहिजे, बारीक आणि घट्ट. मृणालची गाठ शेंगदाण्याएवढी व्हायची. रोशनी तोंड दाबून हसायची. “असं नव्हे,” म्हणत त्यानं तिच्या अंगठ्यावर धागा ठेवला, तिचं बोट किंचित वळवलं… आणि हात लगेच मागे घेतला, चटका बसावा तसा. गाठ जमली नाही ती नाहीच. पण धाग्याचा तो तुकडा तिच्या वहीत अजून आहे.

त्यांनी सगळ्यांना विचारलं. तुकडीतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न: तू इथे का आलीस, का आलास? उत्तरं मृणालनं जशी आली तशी उतरवली. कुणी म्हणालं, हेल्परचा ऑपरेटर व्हायचंय. कुणी म्हणालं, सुपरवायझर शिव्या देतो, त्याला उत्तर द्यायचं तर काम यायला हवं. रोशनी म्हणाली, “माझी आई मशीनला भिते. मला नाय भ्यायचं.”

त्यातूनच हळूहळू कागद उभा राहिला. दृष्टी: ‘या भागातला एकही माणूस न शिकता यंत्रासमोर उभा राहू नये.’ कार्य: ‘येईल त्याला, त्याच्या भाषेत, त्याच्या पाळीची वेळ सांभाळून शिकवणं.’ आणि उद्दिष्टं: वर्षाला एकशे वीस जण, प्रत्येकाला पंचेचाळीस दिवस, निम्म्या जागा बायकांना, आणि इथून शिकून गेलेल्यांपैकी एकाचंही बोट जाता कामा नये.

शेवटची ओळ गोकुळची. “मोजता येतं ना?” त्यानं विचारलं. मृणालनं मान हलवली. मग ती ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली.

मंडळाच्या बैठकीला मधुकरकाकांनी इस्त्रीचा सफारी घातला होता. थंडगार हॉल, लांबलचक टेबल, पलीकडे पाच जण. अध्यक्षांनी कागद वाचला, चष्मा काढला. “लिहिलंय चांगलं. पण पंचेचाळीस दिवस? आम्हाला पंधरा दिवसांत माणूस हवा. पंधरा करा, चार मशीनं देतो.”

चार मशीनं! काकांनी गोकुळकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत मोह होता, आणि त्या मोहाची लाजही होती. “हा सांगेल,” ते हळूच म्हणाले. “शिकवतो हा.”

गोकुळ उभा राहिला. चार माणसांत बोलायची त्याला सवय नव्हती. त्याचे कान लाल झाले. मृणालनं टेबलाखाली मुठी आवळल्या.

“साहेब, पंधरा दिन में चलाना आता है,” तो म्हणाला, हिंदीत, मग गुजरातीत, मग सरळ मराठीत. “बिघडल्यावर काय करायचं ते नाही येत. माणूस घाबरला की हात आत घालतो. ती भीती जायला दीड महिना लागतो, साहेब. मी मोजलंय. पंधरा दिवसांचं लिहून मशीन घेतलं, तर ते खोटं होईल. मग चार नकोत. आमच्याकडे दोन आहेत.”

अध्यक्षांनी शेजारच्याशी काही कुजबुज केली आणि म्हणाले, “एक मशीन देऊ. पंचेचाळीस दिवसच ठेवा. वर्षभर बघू, मग पुढचं.”

बाहेर आल्यावर काकांनी सफारीच्या बाहीनंच डोळे पुसले. “एक तर एक! नवंकोरं आहे!” आणि मृणाल गोकुळकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्यावरून नजर काढली नाही, आणि त्यानंही नाही. मग काका म्हणाले, “चला, पेढे घेऊ,” आणि तो क्षण गेला.

गेला तो गेलाच. काम संपलं होतं, त्यामुळे साडेचारला यायला कारणही उरलं नव्हतं. तरी ती मेच्या पहिल्या आठवड्यात दोनदा गेली. नव्या मशीनचा पाया घालायचं काम चालू होतं. गोकुळ सिमेंटनं माखलेला. “कधी निघणार?” त्यानं विचारलं. “एकतीसला. ट्रक सांगितलाय.” “अच्छा,” तो म्हणाला. मग बराच वेळ थापी साफ करत राहिला. “कुडाळला बरं असेल. हवा चांगली.” “हो. हवा चांगली आहे.” एवढंच. परत येताना रिक्षात तिला रडू आलं, ते तिनं उन्हावर ढकललं.

मधुकरकाकांनी मात्र एक केलं. वीस तारखेला ते स्वतः क्वार्टरवर आले, अण्णांसमोर बसले आणि म्हणाले, “मास्तर, तुमच्या मुलीला केंद्रात ठेवायचंय. वर्षाला एकशे वीस जण लिहून दिलेत, ते सांभाळायला माणूस हवा. पगार फार नाही. जाताय हे माहीत आहे… तरी विचारून ठेवतो.” अण्णा म्हणाले, “तिचं तीच सांगेल.” मृणालनं अकरा दिवस काहीच सांगितलं नाही.

एकतीसला सकाळी ट्रक आला. कपाटाची दारं दोरीनं बांधली, गाद्यांच्या वळकट्या झाल्या. भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन उरले. रिकाम्या खोलीत अण्णा एकटेच उभे होते. मृणाल त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“अण्णा, मी येत नाही.”

त्यांनी वळून पाहिलं नाही. “नोकरीसाठी?”

“नोकरीसाठी पण.”

“‘पण’,” मास्तरांनी शब्द पकडला. वाक्यातला नेमका शब्द पकडायची त्यांची तेहतीस वर्षांची सवय. “तो बोरसे?”

“हो.”

“त्यानं विचारल्यान?”

“नाही.”

“मग?”

“मी विचारणार आहे.”

अण्णा हसले. तिला वाटलं होतं ते गप्प होतील, आई रडेल. अण्णा हसले आणि म्हणाले, “मगे जा, रिक्षा बघ. ट्रकाक अजून वेळ आसा.”

दारात आई, मंगलाबाई, हातात देवांचा डबा घेऊन उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. “इतक्या लांबचो?” ती म्हणाली. “आणि तू रवतलंय खंय?”

“शेजारी शोभाकाकूंकडे. त्यांच्याशी बोलले मी.”

आईनं डब्याचं झाकण उगाचच घट्ट केलं. “मासे तरी खाता मां तो?”

“शिकवीन,” मृणाल म्हणाली, आणि धावत सुटली.

शेडमध्ये तास चालू होता; मशीनच्या पायापायी बुडालेले दिवस भरून काढायला तीच तुकडी अजून येत होती. बारा स्टुलांवर बारा जण, फळ्यापाशी गोकुळ. ती दारात उभी राहिली, घामानं निथळत, केस विस्कटलेले. बारा माना वळल्या.

“तुमची… तुझी गाडी?” तो म्हणाला.

“उभी आहे.”

“काही राहिलं का इथे?”

“हो.”

“काय?”

“तू,” मृणाल म्हणाली.

बिहारच्या गड्यानं शेजाऱ्याला विचारलं, “क्या बोली?” नंदुरबारच्या पोरीनं त्याला गप्प बसवलं. गोकुळ खडू खाली ठेवून तिच्याकडे आला, स्टुलांच्या मधून, एका स्टुलाला धडकत. दारापाशी येऊन थांबला. शब्द शोधताना त्याचे ओठ नुसतेच हलले. शहरात येऊन शिकलेली मराठी, हिंदी, गुजराती, काहीच हाताशी लागलं नाही. लागली ती घरची बोली.

“माले तू आवडस,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसपासून. पण तू जाई राह्यनी व्हती… मी कसं रोखू?”

“माका पण,” ती म्हणाली. तिलाही दुसरं सुचलं नाही. “माका पण तू.”

रोशनीनं टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

त्या दिवशी तास तिथेच सुटला. दोघं रिक्षानं टोकरखाड्याला आली, तेव्हा ट्रकमध्ये फक्त लोखंडी कपाट चढवायचं राहिलं होतं. गोकुळ नमस्काराला वाकणार तोच अण्णांनी त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं, आणि म्हणाले, “पाया मागाहून पड. आधी ही बाजू धर.”

त्यानं धरली. एकीकडे अण्णा, एकीकडे तो, मध्ये ते जड कपाट. “सावकाश… सावकाश…” अण्णा सांगत होते, आणि गोकुळ “हो, सर” म्हणत मागं मागं सरकत होता. आईनं त्याच्या हातावर गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवला. पाणी पिताना तो इतका गोंधळला की अर्धं शर्टावर सांडलं.

ट्रक निघाला. आई-अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. आई हात हलवत राहिली, दमणगंगेच्या पुलाकडे रस्ता वळेपर्यंत. मृणाल रडत होती, आणि ते रडू तिनं पुसलं नाही.

आज त्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या कुणाचं कुटुंब राहतं. खिडकीत त्यांची तुळस आहे. सायलीची ती शेड पडली, केंद्र मोठ्या जागेत गेलं, मृणाल आणि गोकुळचं घर त्याच्याजवळच झालं, ताडगोळे विकणाऱ्या बायकांच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. मृणाल अधूनमधून मुद्दाम त्या क्वार्टरवरून जाते. तिथून जाताना तिला ट्रक दिसत नाही, आईचा हातही नाही. दिसतो तो ओल्या शर्टातला गोकुळ, तांब्या कुणाला परत द्यावा हे न कळून रिकाम्या अंगणात उभा असलेला. शेवटी तिनंच तो त्याच्या हातातून काढून घेतला होता, आणि म्हणाली होती, “चल.”